होडी खाली

“साचवीने, साहेब, पग ऊंचो,” जपून, पाय वर, असं म्हणून पगडीवाल्यानं हात पुढं केला, मी तो धरला, आणि माणसाआधी मला हात ओळखू आला. तळवा चामड्याच्या पट्ट्यासारखा, अंगठ्याचं वरचं पेर नाही. ते पेर नांगराच्या दोरात गेलं होतं. मला हे माहीत होतं, कारण त्याचा अपघाताचा फॉर्म मीच भरला होता आणि ‘अवयवहानी: पूर्ण की अंशतः’ या रकान्यापुढं बराच विचार करून ‘अंशतः’ असं लिहिलं होतं. माझा एक पाय बडोद्याच्या गोत्रीतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर होता, दुसरा हवेत. मागून माझी मुलगी सानवी म्हणाली, “बाबा, चढा ना, मागे लोक उभे आहेत.” मी चढलो. तसं पाहिलं तर त्यानंच मला उचलून आत ठेवलं, जसं तो सोळा वर्षांपूर्वी पहिल्या पाळीच्या कामगारांना, त्यांच्या डब्यांना आणि एकदा तर आमच्या जनरल मॅनेजरना ठेवत असे. त्यानं माझ्याकडं पाहिलं की नाही, हे मी पाहिलं नाही. मी मेन्यू वाचत होतो. मेन्यू अजून आला नव्हता.

सानवीला नोकरी लागली होती, माझा सत्तावन्नावा वाढदिवस त्याच आठवड्यात पडला होता, तेव्हा दोन्ही मिळून रविवारचं दुपारचं जेवण बाहेर असं ठरलं. जागा तिनं निवडली. “खरीखुरी नाव आहे, आई. आत बसून जेवायचं.” माझी बायको निरुपमा म्हणाली, की नावेत बसायचं तर खाली पाणी लागतं, पण साडी बदलून आली. गोत्रीत पाणी नाही. आम्ही रावपुऱ्यातून इकडं राहायला आलो तेव्हा इथं शेतं होती, आता सोसायट्या आहेत, आणि सोसायट्यांतल्या लोकांना रविवारी कुठंतरी जावंसं वाटतं म्हणून सोसायट्यांच्या मधोमध विटांच्या चौथऱ्यांवर एक होडी आणून ठेवलेली आहे. आत पाच टेबलं, वर पंखे, काठाला निळे दिवे, भर दुपारीही लावलेले. मी बसलो आणि बुटाची टाच फळीवर आपटली. तो आवाज मला पोटात कळला. सागाची फळी, खाली पोकळी, पोकळीत कधीकाळी पाणी साचत असे त्याचा एक ओला, घशातला प्रतिध्वनी. पाणी जाऊन सोळा वर्षं झाली तरी फळी अजून तसंच बोलत होती. मी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मग सगळं जेवण मी तसाच बसलो, भिजण्याची भीती असलेल्या माणसासारखा.

बिलीमोऱ्याला बांधलेली होडी. पंचायतीनं ती मही नदीवर उतारू नेण्यासाठी घेतली तेव्हा तिला नावसुद्धा नव्हतं, ‘तर नंबर ३’ एवढंच, तर म्हणजे उतारूंची होडी. एक आणि दोन कुठं होत्या कोणाला माहीत नव्हतं. नंतर तिचा ठेका रावपुऱ्यातल्या धनाजीरावांनी घेतला. धनाजीरावांना पोहता येत नव्हतं, पण त्यांच्या आजोबांना गायकवाडी दरबारात खुर्ची होती, म्हणून त्यांनी होडीतही एक खुर्ची ठोकून घेतली आणि पुढच्या टोकावर ‘जय भवानी’ रंगवलं. खुर्चीत ते दोनदा बसले. बाकी वेळ तिच्यात बकरी बांधत. मग नंदेसरीत कारखाने वाढले, पलीकडच्या काठावरची माणसं अलीकडे कामाला येऊ लागली आणि होडी आमच्या कंपनीकडं आली. कंपनीचं नाव सांगत नाही. तिनं स्वतःच ते चार वेळा बदललं आहे. आम्ही होडी पिवळी केली आणि ‘जय भवानी’वर ‘सुरक्षा प्रथम’ लिहिलं, पण ‘भवानी’चा रंग चांगल्या प्रतीचा होता, त्यामुळं ऊन पडलं की ‘सुरक्षा भवानी’ असं वाचता यायचं. कामगार तेच म्हणत. आणि या तिन्ही मालकांच्या काळात होडीबरोबर तिचा तांडेल, म्हणजे नावाडी, विक्रमसिंह पढियार होता; पगडीवाला तोच. प्रत्येक हस्तांतराची यादी असे, तिच्यात क्रम ठरलेला: होडी एक, वल्ही चार, नांगर एक, तांडेल एक. कंपनीत आल्यावर ती यादी मी टाईप केली. मी ‘तांडेल’ तसाच ठेवला. जुन्या यादीत बदल करायचा नाही, अशी आमच्या घराण्याची शिस्त आहे.

घराण्याचं सांगायला हवं. आम्ही टिपणीस. पणजोबांपासून आमच्याकडं टिपण लिहिण्याचं काम. राजवटीत त्यांनी लिहिलं, आजोबांनी लिहिलं, वडिलांनी जिल्हा कचेरीत लिहिलं, मी कंपनीच्या प्रशासन विभागात. वडील म्हणत, टिपणीसानं डोळ्यांनी पाहिलेलं लिहू नये, कागदानं पाहिलेलं लिहावं. डोळे बदली होऊन जातात, कागद राहतो. लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. मराठी घरची, गुजराती शाळेतली, इंग्रजी साहेबाची, अशा तिन्ही भाषांत मी लिहू शकत असे. गुजराती वक्तृत्वात मला जिल्ह्यात दुसरं बक्षीस होतं. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की पुढं जे झालं ते भाषा न येणाऱ्या माणसाकडून झालं असतं तर त्याला हसता आलं असतं.

दोन हजार नऊ सालचा ऑगस्ट. धरणातून पाणी सोडलं होतं, मही फुगली होती. सकाळी सहा चाळीसला मी रावपुऱ्यात, औषधाच्या दुकानावरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, गालाला साबण लावून उभा होतो. आई जिन्याच्या तोंडाशी. रस्त्यावर कोणीतरी दाराला आडवी स्कूटर लावली होती, आणि आई एकच शब्द वेगवेगळ्या उंचीवर म्हणत होती: “श्रीकृष्णा, खाली जा. खाली बघ कोण आहे. अरे, खाली गेलास का?” तेवढ्यात फोन वाजला, साबण चुकवून मी तो दुसऱ्या कानाला लावला, आणि नदीवरच्या वाऱ्यातून, तुटत तुटत, विक्रमसिंहाचा आवाज आला: “साहेब, होडी खाली गई.” फोन कटला.

एका कानात आईचं खाली होतं, दुसऱ्यात त्याचं. गुजरातीत ‘खाली’ म्हणजे रिकामी. पलीकडच्या कामगारांनी पाणी पाहिलं, होडीतली जीवरक्षक जाकिटं मोजली, ती चार होती, आणि त्यांनी चढायला नकार दिला. होडी जशी गेली तशी कोणालाही न घेता परत आली. म्हणजे खाली गेली. तांडेलानं फेरी रिकामी गेल्याचं साहेबाला कळवायचं असतं, ते त्यानं कळवलं. हेच वाक्य तो मला वर्षातून वीसदा तरी सांगत असे, दिवाळीत, संपात, उत्तरायणाच्या दिवशी. वीसदा मी ‘सारुं’ म्हणून नोंदवहीत फुली मारली होती. त्या दिवशी मात्र मी ते आईच्या भाषेत ऐकलं. पाणी फुगलंय, होडी खाली गेली. गालावरचा साबण तसाच ठेवून मी भास्कररावांना फोन लावला. भास्करराव आमचे जनरल मॅनेजर, नागपूरकडचे. “सर, होडी खाली गेली.” ते मराठी असल्यामुळं त्यांना एका फटक्यात कळलं. “माणसं?” “समजत नाही, सर.” “हेड ऑफिसला कळवा.”

इथं मी नेहमी थांबतो. गेली सोळा वर्षं, अंघोळ करताना, सिग्नलला, कोणाच्या तरी मुंजीत अक्षता हातात घेऊन, मी इथपर्यंत येतो आणि थांबतो. ऐकण्यात चूक झाली तिला मी क्षमा करून टाकली आहे. त्यात आईचा आणि टेलिफोन कंपनीचाही वाटा होता. पण नदी घरापासून चाळीस मिनिटांवर होती, आणि रिपोर्ट हाताशी होता. मी आधी रिपोर्ट लिहिला. वेळ सहा चाळीस, होडी बुडाली, जीवितहानीची माहिती घेत आहोत. सव्वासातला ई-मेल गेला. लिहिताना मला काय वाटत होतं तेही आठवतं, आणि ते सांगायलाच हवं: मला बरं वाटत होतं. वाक्यं छान येत होती. एवढ्या गंभीर विषयावर लिहायला मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

साडेआठला मी ॲम्ब्युलन्स आणि दोन पोहणारे घेऊन घाटावर पोचलो. होडी खुंट्याला बांधलेली, पिवळी, कोरडी, हलत होती. विक्रमसिंह काठावरच्या टपरीवर बशीतून चहा पीत होता. ॲम्ब्युलन्स पाहून तो बशी ठेवून धावत आला, घाबरून, आणि मला विचारू लागला, “कोने थयुं, साहेब? कोने वाग्युं?” कोणाला झालं, कोणाला लागलं. मी म्हणालो, कोणाला नाही. तो म्हणाला, माताजींची कृपा. आणि मला चहा दिला. मी तो प्यालो.

भास्कररावांच्या केबिनमध्ये मी सांगितलं, की सर, चूक झाली, होडी समोर उभी आहे. भास्करराव वाईट माणूस नव्हते. ते चष्मा पुसत म्हणाले, “तुमच्या समोर उभी आहे, टिपणीस. मुंबईला कुठं समोर आहे?” मी म्हणालो, दुरुस्तीचा रिपोर्ट पाठवू. ते म्हणाले, “एका होडीचे दोन रिपोर्ट म्हणजे विचारतात, दुसरी होडी कुठली. आणि हे बघा, तिकडं जाकिटांचा तंटा पेटलाय. होडीच नाही म्हटल्यावर जाकिटं कोण मागणार? बुडालीय ना? बुडू द्या. पुलावरून बस सुरू करू. माणसंपण खूश.” आणि माणसं खरंच खूश झाली. बसला खिडक्या होत्या. होडी काठावर ओढून ताडपत्रीखाली ठेवली गेली, कागदावर ती नदीच्या तळाशी गेली, मृतांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, आणि सगळ्यांचं भलं झालं. एक माणूस सोडून. कारण हेड ऑफिसनं एक रकाना परत पाठवला: कारण. ते काम भास्कररावांनी माझ्यावर सोडलं. मी कारणांची यादी केली. होडीची देखभाल, तिथं मेंटेनन्सवाल्यांची सही होती. जाकिटं, तिथं खरेदीवाल्यांची. धरणाचं पाणी, तिथं सरकारची, आणि सरकार पत्रव्यवहार करतं. चौथं नाव जिथं होतं तिथं सही नव्हती, अंगठा होता, आणि तोही अंशतः. मी लिहिलं: ‘पाण्याच्या ओढीबाबत तांडेलाचा अंदाज चुकला.’ वाक्य सुबक होतं. आजही त्यात मला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

त्याचा परवाना गेला. तो का गेला हे त्याला कोणी सांगितलं नाही, पण कुठल्यातरी कारकुनानं कागद वाचून दाखवला असावा, कारण संक्रांतीआधी तो रावपुऱ्यात आला. मी वरून, पडद्याच्या फटीतून, त्याला पाहिलं. धुतलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी तुरीच्या शेंगा. मी आईला म्हटलं, सांग नाही म्हणून. आईला खोटं बोलता येत नसे, तिला ते लांबवावं लागे. ती खिडकीतून ओरडली, “तो खाली नाहीये हो.” वरच्या मजल्यावरच्या माणसाबद्दल हे अक्षरशः खरं होतं. विक्रमसिंहानं ते त्याच्या भाषेत ऐकलं: साहेब खाली नथी, साहेबांना सवड नाही. त्यानं मान डोलावली. शेंगा औषधाच्या दुकानदाराकडं ठेवून तो गेला. तोच शब्द, या खेपेला माझ्या बाजूनं. त्या शेंगांची उसळ निरुपमानं केली होती आणि मी दोनदा वाढून घेतली. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

“बाबा, जुओ ना, बघा, तिकडे लिहिलंय काहीतरी,” सानवी म्हणाली. धनाजीरावांची खुर्ची होती त्या जागी पितळी पाटी होती. तिनं ती मोठ्यानं वाचली, हिंदीत. ही नाव अकरा ऑगस्ट दोन हजार नऊ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी महीच्या पुरात बुडाली, आणि पुढं नदीच्या तळातून वर काढण्यात आली. सहा चाळीस. आमच्यानंतर होडी भंगारवाल्यानं घेतली, ‘बुडालेली, आहे त्या स्थितीत’ अशा शेऱ्यासह, त्याच्याकडून एका पिकनिक बागेत गेली, तिथं मुलं तिच्यावरून घसरत, तिथून इथं. आणि प्रत्येक मालकानं होडीबरोबर कागद घेतला, कागदाबरोबर माझं टिपण. आमच्या घराण्यात कोणी खोटं लिहिलं नाही. लिहिलं ते पुढं पितळेत खरं झालं.

“तुम्ही तिकडेच होतात ना तेव्हा नंदेसरीला? मग ही माहीत असेल तुम्हाला.”

“असेल,” मी म्हणालो. “होड्या सारख्याच दिसतात.”

“किती होत्या?”

“एक.”

निरुपमानं माझ्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं ते पाहणं होतं. तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

मग हॉटेलच्या मॅनेजरनं टाळी वाजवली, पंखे मंद केले, आणि म्हणाला, की आता बापू तुम्हाला नावेची कहाणी सांगतील, जे त्या दिवशी स्वतः नावेत होते. विक्रमसिंह पगडी सावरून टेबलांच्या मधोमध उभा राहिला. सत्तरीचा असेल. हिंदी त्याची नव्हती, पाठ केलेली होती. पाणी कसं चढलं, माणसं कशी ओरडली, त्यानं कसं एकेकाला काठावर फेकलं. त्यानं न घडलेली गोष्ट अशा थंड, सपाट आवाजात सांगितली की लोकांनी हातातले घास थांबवले. माझ्या शून्यामुळं त्याला सगळ्यांना वाचवावं लागत होतं. आणि शेवटी त्यानं दोन्ही हात जोडले, पगडी किंचित खाली केली आणि म्हणाला, “पानी के खिंचाव में तांडेल का अंदाज चूक गया.” माझं वाक्य. तिसऱ्या कोणीतरी त्याचं हिंदी केलं होतं, चांगलं केलं होतं. टाळ्या पडल्या. सानवीनं फोनवर सगळं टिपलं होतं. तिचे डोळे भरले होते. “बिचारे,” ती म्हणाली. “रोज हे सांगायचं म्हणजे.” मी पनीरचा एक तुकडा किती बारीक चावता येतो ते पाहत होतो. तो मला ओळखत नाही, असं मी ठरवलं. केस गेले होते, पोट आलं होतं, सोळा वर्षं झाली होती. मी स्वतःला आरशात ओळखतो ते सवयीनं.

तो सरळ आमच्या टेबलाशी आला.

“टिपणीस साहेब, मजामां?” तो म्हणाला. “बा केम छे?”

आई जाऊन सहा वर्षं झाली, असं मी सांगितलं. त्यानं पगडी काढली, क्षणभर हातात धरली, परत घातली. आई त्याच्याशी खिडकीतून एकदाच बोलली होती. मग निरुपमाला नमस्कार केला, सानवीला म्हणाला, “बेन, तमारा पप्पा बहु मोटा साहेब. एमना अक्षर मोती जेवा.” आणि वाकून, वेटरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, मला म्हणाला, की एक काम आहे. मी खिशाकडं हात नेला. ती माझी आणखी एक सवय. तो म्हणाला, “ना ना, साहेब. एक लीटी लखी आपो.”

एक ओळ लिहून द्या. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. त्याच्या गावात दर वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला महीमातेला चुंदडी नेसवतात. लाल चुंदडी, म्हणजे लांबलचक वस्त्र, होडीतून मध्य धारेवर न्यायची आणि पाण्यावर सोडायची. तिचा मान गावातल्या सगळ्यात वडील तांडेलाचा. या वर्षी सगळ्यात वडील तो. पण ज्याच्या हातून होडी गेली त्याच्या हातात चुंदडी देत नाहीत. त्यानं पंचांना सांगितलं, होडी गेलीच नव्हती. पंच म्हणाले, बापू, तू रोज गोत्रीत पगार घेऊन सांगतोस की गेली. तो म्हणाला, ती नोकरी. पंच म्हणाले, मग कागद आण. “परम दिवसे छे, साहेब,” तो म्हणाला. परवा आहे. तो विनवत नव्हता. फेरी रिकामी गेल्याचं सांगावं तशा आवाजात सांगत होता. “होडी डूबी नहोती, एटलुंज लखो. नीचे तमारी सही.”

हॉटेलच्या लोकांनी प्रत्येक टेबलावर अभिप्रायाचे कागद ठेवले होते, ‘आपला अनुभव कसा होता?’ मी एक उलटा केला आणि पेन काढलं. एवढंच तर होतं. होडी बुडाली नव्हती. चार शब्दसुद्धा नाहीत. आणि पेन टेकवताना माझ्या मनात जे आलं ते मी इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार. आलं ते असं, की पुढच्या मार्चला माझी निवृत्ती आहे. कागद फिरतात. सोळा वर्षांत हा कागद किती फिरला, पितळेवर जाऊन बसला. उद्या हा दुसरा कागद कोणी पहिल्याशेजारी ठेवला तर दोन्हींवर सही एकच. भास्कररावांना अर्धांगवायू झाला आहे, ते काही बोलणार नाहीत. मी वर पाहिलं. तो उभा होता. आणि मग माझ्यातल्या चार पिढ्यांच्या टिपणिसांनी एकत्र येऊन, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात, देवनागरीत लिहिलं:

‘ता. ११ ऑगस्ट २००९, स. ६.४०. होडी खाली.’

क्रियापद नाही. गुजराती वाचील त्याला रिकामी, मराठी वाचील त्याला बुडालेली. सोळा वर्षांपूर्वी चुकून झालं होतं ते मी आता समजून केलं. खाली सही केली, आणि मला तेच जुनं, छान वाक्य जमल्याचं सुख झालं; पाऊण सेकंद, पण झालं.

विक्रमसिंहानं कागद दोन्ही हातांनी घेतला, लांब धरला, जवळ धरला. “चश्मां घरे रही गयां,” तो म्हणाला. त्यानं जन्मात कधी चष्मा लावला नव्हता. अंगठ्याचे सगळे ठसे मीच घेतले होते. “बेन, वांची आपो ने.”

सानवीनं वाचलं. तारीख वाचली, वेळ वाचली, पाटीकडं एकदा पाहिलं. “होडी खाली,” ती म्हणाली, आणि थांबली. ती बडोद्यातलीच, घरात मराठी, बाहेर गुजराती, दोन्ही तिच्या तोंडात एकाच वेळी असतात. कपाळाला बारीक आठी घालून तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, “बाबा, खाली म्हणजे? आपलं खाली, की यांचं खाली?”

पंखे परत जोरात सुरू झाले होते. निरुपमानं चमचा ताटात ठेवला. विक्रमसिंह सानवीकडं पाहत होता, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. धुक्याच्या दिवशी काठावर उभा राहून समोरच्या किनाऱ्यावर कोणी हात करतंय का ते तो बघायचा, तसं बघत होता.

“रिकामी,” मी म्हणालो. फारच हळू म्हणालो. मला ते पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणायचं होतं.

“एटले?” त्यानं सानवीला विचारलं. म्हणजे? हा शब्द त्याला येत नव्हता.

सानवी माझ्याकडं पाहत राहिली, आणि मी तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना पाहिली: पाटी, सहा चाळीस, एकच होडी, असेल, मोत्यासारखं अक्षर. शेवटी ती त्याच्याकडं वळली. “एटले, काका, होडी डूबी नहोती. एमां कोई हतुंज नहीं.” बुडाली नव्हती, आत कोणी नव्हतंच.

“ए तो मने खबर छे, बेन,” विक्रमसिंह म्हणाला. ते मला माहीत आहे. आणि कागद टेबलावर, माझ्यासमोर, परत ठेवला. “लखी आपो.”

मॅनेजरनं हाक मारली. नवं कुटुंब आलं होतं, आजीबाई चढायच्या होत्या. तो वळून गेला. हात पुढं करून “साचवीने, बा, पग ऊंचो” म्हणताना मी त्याला पाठमोरा ऐकलं.

सानवीनं तो कागद घेतला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मी तो परत मागितला नाही. दुसऱ्या टेबलावरून नवा कागद आणून तिनं माझ्यापुढं ठेवला. “गुजरातीत लिहा, बाबा,” ती म्हणाली. “आणि गुजराती अक्षरात. त्यांच्या गावात वाचायचाय.” अहोजाहो तेच होतं, आवाज वेगळा होता. आमच्या ऑफिसात कारकुनांशी बोलताना तो मी वापरतो.

मी पेन टेकवलं. हो लिहिलं. डी लिहिलं. शाळा सुटल्यापासून गुजराती अक्षरं मी फारशी काढली नव्हती. ती वरच्या रेघेशिवाय उभी राहतात, उघडी, डोक्यावर काही न घेता. पलीकडच्या टेबलांकडून टाळी वाजली, पंखे मंद झाले, आणि विक्रमसिंहाचा तो थंड, सपाट आवाज पुन्हा सुरू झाला, पाणी कसं चढलं. मी डूबी लिहिलं, नहोती लिहिलं, आणि तेवढ्यात हाताला चार पिढ्यांची सवय आठवली. मराठी माणूस शब्द संपला की वरून रेघ ओढतो. मी ओढली. घाईत ती खाली आली आणि सगळ्या अक्षरांच्या मधून गेली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. वाक्य जागच्या जागी खोडलं गेलं.

“पानी के खिंचाव में,” पलीकडून आवाज आला.

सानवीनं कागद ओढून घेतला, पाहिला, चुरगळला, आणि तिसरा कोरा पुढं ठेवला.

“रेघ नको,” ती म्हणाली. “परत.”